बोटाची मागची बाजू

प्रिय भोंग्या,

हे पत्र तालमीच्या मधल्या सुट्टीत, एका हातात चहाचा कप घेऊन वाचू नकोस. घरी जा, खुर्चीवर बस आणि मग वाच. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी दोन वाक्यं बोलले की तुझं "अगं आई, थांब थांब, हे भारी आहे, लिहून घेतो" सुरू होतं. गेली तीन वर्षं मी तुझ्याशी तोंड सांभाळून बोलते, ते त्यामुळेच. तर या वेळी मीच लिहून काढते. तुझे तेवढे कष्ट वाचतील.

आधी साध्या बातम्या. स्वयंपाकघरातला नळ अखेर दुरुस्त झाला. खालच्या मजल्यावरच्यांनी कुत्रा आणलाय. त्याला माझ्या पावलांचा आवाज कळतो आणि तो न चुकता भुंकतो. या बिल्डिंगमध्ये माझी दखल घेणारा तो एकटाच. आणि तिसरी बातमी अशी की तुझी आई, वय वर्षं त्रेसष्ट, औषधांच्या कारखान्यातून निवृत्त, गेले पाच रविवार अभिनयाच्या शिबिराला जाते आहे. हस. पोटभर हसून घे, मी थांबते.

का जाते, तेही ऐक. चाळीस दिवसांपूर्वी तुझा फोन आला. शंभरावा प्रयोग ठरला, मोठं नाट्यगृह मिळालं, आणि तुला एक 'कल्पना' सुचली. शेवटी पडदा पडायच्या आधी मला रंगमंचावर आणायचं. खरीखुरी आई! तू खाटेवर झोपणार, मी येऊन गॅसचं बटण, खिडकी आणि नाकाखालचं बोट हे तिन्ही करून दाखवायचं, तू श्वास रोखून पडायचं, आणि मी तुझ्या कानफटात मारायची. लोक वेडे होतील, म्हणालास. वर मला धीर देत म्हणालास, "तुला अभिनय नाही गं करायचा. घरी करतेस तेच कर." मी "बघते" म्हणून फोन ठेवला. तुला वाटलं असेल, आई लाजली. आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्या क्षणी तोंड उघडलं असतं तर तीस वर्षांचं सगळं बाहेर पडलं असतं, म्हणून "बघते" एवढंच म्हणाले.

तुझं नाटक मी एकदाच पाहिलं, पहिल्याच महिन्यात, दुसऱ्या रांगेत बसून. एकटा माणूस दीड तास उभा राहून साडेतीनशे लोकांना हसवतो, हे काही खायचं काम नाही. त्यात तो आपल्या पोटचा असला की ऊर भरून येतोच. माझाही आला होता, पहिली चाळीस मिनिटं. मग तू खांद्यावर टॉवेल टाकलास, कंबरेत वाकलास आणि 'आई' झालास. गॅसचं बटण बंद आहे ना, हे तीन-तीनदा बघणारी आई. कडाक्याच्या थंडीत झोपायच्या खोलीची खिडकी उघडी ठेवणारी आई. आणि झोपलेल्या पोराच्या नाकाखाली बोट धरून तो श्वास घेतोय का ते तपासणारी आई. पोरगा चार वर्षांचा असताना, चौदा वर्षांचा असताना, आणि दाढीमिशा फुटलेला बावीस वर्षांचा घोडा झाला तरीही. "लहानपणी मला न्यूमोनिया झाला होता," तू सांगतोस, "म्हणून आई मला फार जपते. आणि जपते म्हणून भर थंडीत खिडकी उघडी टाकते!" लोक खुर्चीत मागे रेलून हसतात. मग तुझा हुकमी एक्का. बारा वर्षांचा असताना तू गंमत म्हणून श्वास रोखून पडलास, आईनं बोट धरलं, धरून ठेवलं, आणि तू टुणकन उठून बसलास. आईनं अशी काही थोबाडीत दिली की गालावर चार बोटं उमटली. "जिवंत निघाल्याबद्दल मार खाल्लेला जगातला मी एकमेव मुलगा!" टाळ्या थांबत नव्हत्या.

मीही हसले. शेजारची बाई माझ्याकडे बघत होती, तिला तू सांगितलं असणार. मध्यंतरात बायकांच्या स्वच्छतागृहाबाहेर रांग होती, तिथे दोन तरण्याताठ्या मुली एकमेकींच्या नाकाखाली बोट धरून खिदळत होत्या. मी त्यांच्या मागे उभी होते. एकीनं मला "आजी, तुम्ही पुढे जा" म्हटलं. मुलगी चांगली होती.

आता तू म्हणशील, आईला विनोद कळत नाही. कळतो. विनोद चांगला आहे, हीच तर पंचाईत आहे. मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. तू तिन्ही चुकीची करतोस. मी तीस वर्षं कारखान्यात सरकत्या पट्ट्यासमोर बसून गोळ्यांच्या पट्ट्या तपासल्या. डोळ्यांसमोरून हजारो पट्ट्या सरकायच्या आणि एखाद्या पट्टीतलं एखादंच घर रिकामं असलं तरी माझा हात आपोआप पुढे जायचा. तो डोळा अजून तसाच आहे. तू बटण पोराच्या कानासारखं पिरगाळतोस. मी बटणाला हात लावते तो फक्त टेकवून, आणि त्याआधी वाकून वास घेते. वास तू घेतच नाहीस. खिडकी तू धाडकन पूर्ण उघडतोस, म्हणजे लोकांना वारा लागल्यासारखं करता येतं. मी चार बोटं उघडते, मोजून चार. आणि नाकाखाली तू बोटाचं टोक धरतोस. माझ्या बोटांची टोकं गोळ्यांच्या पट्ट्यांच्या त्या चंदेरी कागदावर घासून कधीच बथ्थड झाली, भोंग्या. त्यांना गरम भांडंसुद्धा उशिरा कळतं, श्वास कुठला कळायला? मी बोटाची मागची बाजू धरते, नखाच्या मागची. तिथली कातडी अजून माझी आहे. माझ्याच घरात वाढलास, मला नव्व्याण्णव वेळा लोकांना दाखवलंस, आणि एवढं पाहिलं नाहीस.

बरं, हेही मी गिळलं असतं. पण नाटक पाहिल्यापासून माझ्या घरात माझाच हात उसना झाला. गॅसजवळ गेले की मागे साडेतीनशे माणसं बसल्यासारखी वाटतात. खिडकी उघडताना वाटतं, आता हसणार. मागच्या वेळी तू चार दिवस राहायला आलास, तेव्हा मी एकदाही तुझ्या खोलीत डोकावले नाही. सकाळी तू चहा पिताना म्हणालास, "काय आई, सुधारलीस!" मला तो कप तुझ्या डोक्यात घालावासा वाटला होता. चार दिवस मला झोप नव्हती, आणि तू म्हणे सुधारलीस.

तर "घरी करतेस तेच कर" असं तू म्हणालास आणि मला कळलं की घरी करत होते तेसुद्धा आता मला येत नाही. वाचनालयाच्या फलकावर शिबिराचा कागद लागला होता, वयाची अट नाही असं त्यावर लिहिलेलं. म्हटलं, चला. ज्या विद्येनं पोरगा माझे वाभाडे काढतो ती विद्या आहे तरी काय, ते बघून येऊ.

वाचनालयाच्या वरचा हॉल, फरशी गार, एका भिंतीला आरसा, कोपऱ्यात मोडक्या खुर्च्यांची चळत. आम्ही अकराजण. एक दातांचा डॉक्टर, एक निवृत्त पोस्टमन, कॉलेजातल्या तीन मुली, बाकी असेच हौशे-नवशे. शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, आवाज घोगरा, एका गुडघ्याला पट्टा. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "रडून दाखवायचं असेल त्यांनी बाहेर जिन्यात जावं. इथे काम करायचं आहे." मला बाई तिथेच आवडल्या. पहिला आख्खा दिवस त्यांनी आम्हाला नुसतं चालायला लावलं. आपलं चालणं, मग दुसऱ्याचं चालणं. डॉक्टर पोस्टमनसारखा चालला तर नुसताच वाकून चालला. मी त्यांच्यासारखी चालले तेव्हा डाव्या खांद्यावर पिशवी नसूनही तो खांदा खाली ठेवला. पोस्टमन एकदम म्हणाले, "अहो वहिनी, हे तुम्हाला कसं कळलं?" मी म्हटलं, दिसतंय की. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

मग वस्तू नसताना वस्तू हाताळायचं शिकवलं. हातात नसलेल्या किटलीतून नसलेल्या कपात चहा ओतायचा. डॉक्टरांनी ओतला आणि कप हातातच आहे हे विसरून त्याच हातानं डोकं खाजवलं. सगळा चहा डोक्यावर! माझी पाळी आली तेव्हा मी पट्ट्यासमोर बसले आणि पट्ट्या तपासायला लागले. किती वेळ गेला कळलं नाही. बाईंनी विचारलं, "मघाशी एक पट्टी बाजूला का टाकलीत?" मी म्हटलं, तिच्यातलं एक घर रिकामं होतं. हॉलमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. मला वाटलं, तुला फोन करून सांगावं. मग वाटलं, नको, लिहून घेशील.

तिसऱ्या रविवारी बाईंनी जे सांगितलं ते तुझ्यासाठी जसंच्या तसं लिहिते. म्हणाल्या, "काही नट बाहेरून आत जातात. त्यांना आधी चाल सापडते, आवाज सापडतो, तो माणूस चष्मा कसा पुसतो ते सापडतं, आणि मग आतला माणूस सापडतो. काही आतून बाहेर येतात. ते आधी त्याचं दुखणं शोधतात, चाल मागून येते. दोन्ही रस्ते चालतात. रस्त्यातच बसकण मारलेली चालत नाही." भोंग्या, तू बसकण मारली आहेस. तुला टॉवेल सापडला, वाकलेली कंबर सापडली, टाळी सापडली, आणि तू तिथेच बसलास. तुझ्या जागी मी असते आणि आईनं मारलेलं विनोद म्हणून का वापरतेस, असं कुणी विचारलं असतं, तर मी निदान लाजले असते. तुला कुणी विचारलं नाही आणि तुला स्वतःलाही प्रश्न पडला नाही की माणूस पोराला हसून मारतो, रागावून मारतो, पण बर्फासारखा पांढरा पडून का मारतो? तुला माझा चेहरा आठवत नाही का रे? की आठवतो, पण हशा मिळत नाही म्हणून वगळलास?

चौथ्या रविवारी माझी जी शोभा झाली ती ऐकलीस तर तुझ्या नाटकाला आणखी दहा मिनिटं मिळतील. रोजची एखादी सवय करून दाखवा, म्हणाल्या. मी म्हटलं, हीच वेळ आहे. बटण केलं, खिडकी केली, बोट धरलं. करून होते तोच एक कॉलेजकन्यका ओरडली, "अय्या, हे तर त्या नाटकातलं! काकू, तुम्ही डिट्टो त्याच्यासारखं करता!" डिट्टो! माझी पंचवीस-तीस वर्षांची सवय, आणि मी डिट्टो तुझ्यासारखी! त्यावर दुसरी म्हणते, "पण तो जास्त भारी करतो." मी तिथेच फरशीत गडप झाले असते तर बरं. मी कोण, तू कोण, हे बाईंना ठाऊक नव्हतं. त्यांनी शांतपणे सांगितलं, "हे उसनं आहे. हात जातोय, पण का जातोय ते त्याला माहीत नाही. कारण माहीत नसेल तर ती नक्कल." मग विचारलं, "ही सवय कधी लागली?" मी म्हटलं, आठवत नाही. तोंडावर खोटं बोलले. त्यांना कळलं असणार. म्हणाल्या, "मला सांगू नका. हाताला सांगा. आणि जपून. जखम ओली असेल तर तिला हात लावायचा नाही. जिच्यावर खपली धरली आहे तीच वापरायची."

तीस वर्षं झाली. मला वाटलं, खपली धरली असेल.

गेल्या रविवारी बाईंनी पोस्टमनना चटईवर झोपवलं. भला माणूस, पोट एवढं मोठं, कुणाला त्रास नको म्हणून चटईच्याही कडेला पडला. मी दाराशी उभी राहिले, डोळे मिटले आणि हाताला सगळं सांगितलं. वाकून वास घेतला. बटणाला हात टेकवला. खिडकी चार बोटं उघडली. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. मी चटईशी बसले आणि बोटाची मागची बाजू त्यांच्या नाकाखाली धरली. श्वास लागेना. मी बोट आणखी जवळ नेलं. काहीच नाही. पुढचं मला नीट आठवत नाही. मुली सांगतात, मी "ऊठ" म्हणून किंचाळले आणि पोस्टमनच्या थोबाडीत मारली. माणसाला झोपेचं सोंग नीट वठवायचं होतं, म्हणून त्यानं श्वास धरून ठेवला होता. मी जिन्यात जाऊन बसले. तोंडात गॅसची चव आली होती, खरंच आली होती. जरा वेळानं तेच पाण्याचा पेला घेऊन आले, एक गाल लाल, आणि मलाच म्हणतात, "वहिनी, चूक माझी झाली. झोपलेल्या माणसानं श्वास घ्यायचा असतो, हे मला कळायला पाहिजे होतं." त्यावर मी रडले. जिन्यातच रडले, बाईंचा नियम मोडला नाही.

आता ते ऐक. तुला न्यूमोनिया कधीही झाला नव्हता.

तू चार वर्षांचा होतास. तुझे बाबा ट्रक घेऊन पंधरा-पंधरा दिवस बाहेर असायचे. मी रात्रपाळी करायचे, रात्री तू शेजारच्या शिंपीणकाकूंकडे झोपायचास. त्या आठवड्यात जोडून दुसरी पाळीही केली होती. दुपारी घरी आले, तुला घेतलं, थंडी मरणाची म्हणून खिडकी लावली आणि तिच्या फटीत फडकंसुद्धा कोंबलं. बारीक आचेवर दूध ठेवलं. तू खाली जमिनीवर तुझ्या लाकडी गाड्या मांडून खेळत होतास. मी म्हटलं, पाच मिनिटं पाठ टेकते. खाटेवर आडवी झाले आणि झोपले. भोंग्या, मी झोपले. दूध उतू गेलं, शेगडी विझली, गॅस येत राहिला. तो जड असतो, जमिनीलगत साचतो, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. मी वर खाटेवर होते. तू खाली होतास.

शिंपीणकाकूंना जिन्यात वास आला. दार वाजवून मी उठेना, तेव्हा त्यांनी बाहेरून खिडकीची काच फोडली. काचेच्या आवाजानं मला जाग आली. डोकं फुटत होतं. तू गाड्यांच्या रांगेशेजारी पडला होतास, तोंड किंचित उघडं. तुला उचलून बाहेर जिन्यावर आणलं तर तुझी मान अशी कलंडली. तुला भोंग्या का म्हणतो ठाऊक आहे ना, तू रडलास की कारखान्याचा भोंगा वाजल्यासारखा आख्खा मजला दणाणायचा. त्या दिवशी तू आवाजच करत नव्हतास. शिंपीणकाकूंच्या खांद्यावर नेहमी दोऱ्याचे तुकडे चिकटलेले असायचे. त्यांनी त्यातला एक काढला आणि तुझ्या नाकाशी धरला. नाकाशी सूत धरणं हे आपण नुसतं बोलण्यात म्हणतो, मी ते पाहिलंय. पांढरा दोरा होता. हलेना. मी बघत होते आणि तो हलेना. मग हलला. कळेल न कळेल इतका. मग पुन्हा. त्या हलणाऱ्या दोऱ्याइतकं काहीही मी आयुष्यात टक लावून पाहिलेलं नाही, एवढ्या गोळ्या तपासल्या तरी.

दोन दिवस तू दवाखान्यात होतास. तुझ्या बाबांना मी न्यूमोनिया सांगितला. पोरगं जमिनीवर आणि मी खाटेवर झोपलेली, हे मला त्यांना सांगता येईना. आज सांगेन, उद्या सांगेन करता करता ते गेलेसुद्धा. शिंपीणकाकूंनी मरेपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही. उरले मी. माझी बोटं बथ्थड, म्हणून दोऱ्याऐवजी मी बोटाची मागची बाजू धरायला लागले. आणि बारा वर्षांचा असताना तू श्वास रोखून पडलास ना, तेव्हा मी तुझ्या खोलीत नव्हतेच. मी त्या जिन्यावर होते. तू उठून बसलास आणि हसलास. मी तुला मारलं नाही रे. मी कुणाला मारलं ते मला आजही नीट सांगता येत नाही, पण ती थोबाडीत मलाच हवी होती.

म्हणजे बघ, माझ्या खोट्यावर तू विनोद उभा केलास. मी कालपर्यंत तुझ्यावर चिडत होते की यानं कधी 'का' म्हणून विचारलं नाही. पत्र लिहिता लिहिता कळलं, विचारलं असतंस तर मी न्यूमोनियाच सांगितला असता. तरी माझा राग गेलेला नाही, हे लक्षात ठेव. निम्मा तुझ्यावर आहे आणि तो तुझ्या वाट्याचा तू घे. विचारायला हवं होतंस. एकदा तरी.

तुला उत्तर हवं होतं म्हणून हे लिहिलं. छाप तुझं पोस्टर, मी येते. पण तीन गोष्टी कानात तेल घालून ऐक. वर लिहिलेलं यातलं एक अक्षरही लोकांना सांगायचं नाही. हे नाटकासाठी दिलेलं नाही, हे तुझं आहे म्हणून तुला दिलं आहे. थोबाडीत मी मारणार नाही, माझ्या वाट्याची मारून झाली, विचार पोस्टमनना. आणि तू खाटेवर झोपायचं नाहीस, खाली जमिनीवर झोपायचं. मी येईन, वास घेईन, बटण बघेन, खिडकी चार बोटं उघडेन, आणि तुझ्याजवळ बसून बोटाची मागची बाजू धरेन. लोक हसले तर हसू देत. त्या वेळी तू श्वास रोखायचा नाहीस, डोळे उघडायचे नाहीत, काही करून दाखवायचं नाही. बाकी सगळं मी करते. तू फक्त श्वास घे.

तुझीच, अजून रागावलेली,
आई